कन्सीलमास्तर

त्यांचं खरं नाव लाइटच्या बिलावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला ते कन्सीलमास्तर. वायरमनच्या धंद्यात फिटिंगचे दोन प्रकार. भिंतीवर प्लास्टिकची पट्टी मारून तिच्यातून वायर नेली की ते ओपन. भिंतीला झिरी मारून, आत पाइप गाडून, वरून गिलावा करून नेली की ते कन्सील. मास्तरांनी अडतीस वर्षांत ओपनचं काम एकदाही घेतलं नाही. कोणी गयावया करून म्हणालं, "मास्तर, एकच तर पॉइंट वाढवायचाय, पट्टीतून ओढा की," तर ते हत्यारांची पिशवी उचलायचे आणि पायात चपला सरकवायचे. "भिंतीवर वायर दिसणं म्हणजे माणसाची आतडी बाहेर दिसणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

माणूस कामाला चोख आणि स्वभावाला तिरसट. कोणाच्या घरी दुःखाला भेटायला गेले तरी नजर आधी बोर्डावर जायची. एकदा तर घरातला कर्ता माणूस गेलेला, त्याची बायको रडतेय, आणि मास्तर शेजारी बसलेल्याच्या कानात सांगतायत, "बोर्ड दोन सूत तिरका बसवलाय." बाहेर आल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घर येईपर्यंत त्यांना फैलावर घेतलं. त्यात आपलं काय चुकलं हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. बोर्ड तिरका होताच.

त्यांचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. रस्त्याकडची पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मग मागची खोली आणि तिला लागून न्हाणीघर. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचं वायरिंग मास्तरांनी एकट्याने केलं होतं, दिवसा लोकांची कामं उरकून. त्या घरात शोधूनही वीतभर वायर दिसली नसती. पाहुणे आले की मास्तर त्यांना घर म्हणून भिंतीच दाखवायचे. पाहुणे बिचारे कोऱ्या भिंतीकडे बघून मान हलवायचे, आणि काकू त्यांच्या मागे उभ्या राहून हसू दाबायच्या.

काकूंचं ते हसू दोन वर्षांपूर्वी खोकल्यात बुडालं. फुप्फुसं आकसत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती पुन्हा फुलणार नाहीत हेही सांगितलं. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घरघरणारं. त्याची नळी काकूंच्या नाकात. अंघोळीपुरती काढायची, एरवी नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ यायची आणि न्हाणीघर लांब पडायचं, म्हणून काकूंची कॉट मागच्या खोलीत लागली. मास्तरांनी लगेच उशाशी हाताच्या टप्प्यात नवा बोर्ड बसवला, अर्थात कन्सील. पंखा, दिवा, मशीन, सगळी बटणं पडल्या पडल्या दाबता यावीत, बाईमाणसाला उठावं लागू नये. त्या एका गोष्टीचं काकूंनी तोंडभरून कौतुक केलं होतं.

दोघांना एकच मुलगी. ती दूर परदेशात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिची ड्यूटी संपायची तेव्हा इकडे दुपारचे चार वाजलेले असायचे. वर्षातून एकदा महिनाभराची रजा, तीही सहा महिने आधी मागावी लागायची. काकूंना आता दुसरं काही नको होतं. रोज चार वाजता मुलगी दिसावी, तिच्याशी चार शब्द बोलावेत, आणि ती येईपर्यंत श्वास पुरावा, एवढंच.

घरात इंटरनेट घेतलं ते त्यासाठी. पण नेटचा डबा पुढच्या खोलीत, आणि मधे दोन जाड भिंती आणि एक काँक्रीटचा खांब. वायफाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मरायचं. मोबाईलला मागच्या खोलीत रेंज अशी की आपला हॅलो गेला तर पलीकडचा यायचा नाही. काकू फोन हातात धरून नुसत्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायच्या.

मास्तरांनी नेटवाल्याला बोलावलं. नेटवाला पोट सुटलेला, शांत माणूस. त्याने घर फिरून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, दोनच मार्ग आहेत. पक्का म्हणाल तर केबल. डब्यातून निघेल ती थेट काकूंच्या उशाशी."

"भिंत फोडायला लागेल," मास्तर म्हणाले. "कटर लावला की घरभर धुरळा. हिच्या छातीची अवस्था तुला माहिती आहे. धूळ हिला विष आहे."

"फोडायची कशाला? या झरोक्यातून स्वयंपाकघरात, तिथून दाराच्या चौकटीवरून मागे. वरून पट्टी मारतो. अर्ध्या तासाचं काम, चिमूटभर धूळ उडणार नाही."

मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू त्याने त्यांच्या श्रीमुखात भडकावली. "पट्टी? माझ्या घरात?"

"मग तुमच्याच पाइपातून घालू या."

"विजेच्या वायरीबरोबर एका पाइपात केबल घालायची नसते, हे मी तुला शिकवायचं?"

"नसते, म्हणून तर पट्टी म्हणतोय," नेटवाला म्हणाला. पण समोरच्याचा नूर बघून त्याने दुसरा मार्ग सांगितला. पॉवरलाइन ॲडॅप्टर. दोन पांढऱ्या डब्या. एक पुढच्या खोलीतल्या प्लगमध्ये लावून नेटच्या डब्याला जोडायची, दुसरी मागच्या खोलीतल्या प्लगमध्ये लावायची, ती तिथे वायफाय पसरवते. मधे वेगळी वायर नाहीच. घरातल्या विजेच्या वायरींतूनच नेट पलीकडे जातं.

"म्हणजे माझ्याच वायरींतून?" मास्तरांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुमच्याच. पण सांगून ठेवतो, ते लहरी असतं. लाइनवर मोटर फिरत असली की कुरकुर करतं."

"लोकांच्या लाइनवर करत असेल," मास्तर म्हणाले.

डब्या आल्या. नेटवाल्याने त्या लावल्या तेव्हा काकू अंघोळीला गेल्या होत्या आणि मशीन बंद होतं. मागच्या खोलीत त्याच्या फोनवर पिक्चर लोण्यासारखं चाललं. मास्तरांनी भिंतीवरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चार वाजता मुलीचा फोन लागला, तेव्हा काकूंच्या नाकात नळी होती आणि मशीन घरघरत होतं. मुलीचं तोंड चौकोनाचौकोनात फुटलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला आणि सगळं थिजलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला मास्तरांना दुसरा दिवस उजाडावा लागला. त्यांनी काकूंच्या डोळ्यांदेखत मशीनचं बटण बंद केलं, डबीवरचा दिवा हिरवा झाला. चालू केलं, लाल. पुन्हा बंद, हिरवा. पुन्हा चालू, लाल. काकू उशीला टेकून हे सगळं बघत होत्या. "मशीनची मोटर लाइनवर घाण टाकतेय," मास्तर म्हणाले, "पण तिचाही बंदोबस्त करतो." त्यांनी बाजारातून फिल्टरचा प्लग आणला, मशीन त्याच्यातून जोडलं, डबीची जागा बदलली, बोर्ड उघडून सगळे जोड पुन्हा आवळले. हे करेपर्यंत कामावर जायची वेळ झाली. त्या दिवसांत त्यांचं एका दुमजली घराचं काम चालू होतं आणि दिवेलागणीशिवाय ते परतत नसत.

संध्याकाळी चपलाही न काढता ते मागच्या खोलीत आले. "कसं झालं?"

"छान," काकू म्हणाल्या. "अगदी समोर बसल्यासारखी दिसली."

दिवा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कामावरून न हलणारा हा माणूस. त्या संध्याकाळी त्यांनी डबीकडे वळूनही बघितलं नाही. बायकोचा शब्द पुरे मानला. माणसाला कुठे बघायचं नाही हे बरोबर कळतं.

पुढचा महिना मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. नेटवाला रस्त्यात भेटला की ते त्याला थांबवून सांगायचे, "चाललंय बरं का, महिना झाला. वायर टाकणाऱ्याचा हात लागतो." नेटवाला डोकं खाजवायचा. रविवारी मुलीची लांबची ड्यूटी असायची, त्यामुळे ज्या एका दिवशी मास्तर घरी असत, त्या दिवशी फोन नसायचा. तरी रोज संध्याकाळी काकू त्यांना सगळं सांगायच्या. मुलीने केस कापलेत, नवीन पडदे घेतलेत, वजन वाढलंय. सांगताना त्यांना धाप लागायची, ओठ निळसर दिसायचे. मास्तर म्हणायचे, "एका दमात किती बोलतेस." एकदा काकू म्हणाल्या, "तिने रजा दोन महिने पुढे ढकललीये. आता येणार होती, ती थंडी संपल्यावर येईल. मीच म्हटलं, मला बरं आहे." मास्तर म्हणाले, "बरं केलंस. रोज दिसतेच आहे."

महिना भरला तसा मशीन भाड्याने देणाऱ्या दुकानाचा माणूस सकाळीच, मास्तर निघायच्या आत, हवा गाळायची जाळी बदलायला आला. मशीनच्या पाठीला एक छोटा आकडा असतो, ते किती तास चाललं ते दाखवणारा. त्याने तो वहीत उतरवला, मागचा महिना बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सव्वीस तास कमी भरतायत. रोज बंद पडतं का हो हे? तुमच्या घरातली लाइट जात असेल."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या घरात? हे बघा, रस्त्यावरची गेली तर गोष्ट वेगळी. माझ्या भिंतीतली वायर सव्वीस वर्षांत एकदाही दगा देऊन गेलेली नाही. तुमच्या मशीनचा आकडा तपासा आधी." एवढ्यावर न थांबता त्यांनी पिशवी ओढली, टेस्टर काढला, मीटर काढला, आणि प्लगाचं झाकण खोलायला बसले.

"अहो," कॉटवरून काकू म्हणाल्या, "राहू द्या. मीच बंद करते."

मास्तरांचा हात झाकणावरच राहिला. दुकानाचा माणूस एकदा मास्तरांकडे, एकदा काकूंकडे बघून वही मिटून उठला. जाता जाता हळूच म्हणाला, "असं करायचं नसतं, काकू. आधीच थोडं उरलेलं असतं." ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला दोघांनाही जमलं नाही.

"कधी बंद करतेस?"

"चारला. ती यायच्या आधी." काकू दोन शब्द बोलून थांबायच्या, मग पुढचे दोन. "तुम्हीच दाखवलंत की. बंद केलं की हिरवा."

"मी फिल्टर लावला होता ना."

"त्याने काही झालं नाही."

"मग मला सांगायचं."

"काय सांगू? तुमची वायर हरली म्हणून?" काकू भिंतीकडे बघत होत्या. "त्या दिवशी तुम्ही आलात, कसं झालं म्हणून विचारलंत. निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखं तोंड होतं तुमचं. माझ्याच्याने नाही बोलवलं."

मास्तर झाकणाचा स्क्रू परत आवळायला लागले. मग एकदम त्यांच्या डोक्यात पुढचा जोड जुळला. वायरमनचं डोकं, एक तार हातात आली की दुसरं टोक शोधतंच. "तिला नळीशिवाय दिसत होतीस तू. रोज. तिने विचारलं असेल."

"म्हटलं, डॉक्टरांनी तासभर काढायला सांगितलंय. बरं वाटतंय म्हणून."

"म्हणून तिने रजा ढकलली."

काकूंनी डोळे मिटले.

त्यानंतरचं अर्ध्या तासाचं काम खरंच अर्ध्या तासात झालं. नेटवाला केबलचं भेंडोळं आणि पट्ट्या घेऊन आला, काय झालं ते त्याने विचारलं नाही. झरोक्यातून, चौकटीवरून, काकूंच्या उशाशी, आणि तिथे वायफायचा एक छोटा डबा. खिळे मास्तरांनीच मारले. पहिला खिळा गिलाव्यात शिरला तेव्हा त्यांचे दात एकमेकांवर आवळले गेले. पांढऱ्या भिंतीवर ती करडी पट्टी आडवी पडली, आणि खोटं कशाला बोला, दिसायला काही इतकी वाईट नव्हती. मशीन चालू ठेवून त्यांनी तीनदा लाइन तपासली. तिन्ही वेळा ती चालली.

त्या दिवशी मास्तर कामावर गेले नाहीत. चार वाजता मुलगी पडद्यावर आली, अगदी लख्ख. पापण्यांचे केस मोजावेत इतकी.

"आई, आज नळी का लावलीस?"

"जरा सर्दी झालीये," काकू म्हणाल्या. "दोन दिवस लावून ठेवते."

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बोलायचं ते त्यांनीच बोलायला हवं होतं. पोरी, रजेची वाट बघू नकोस, आत्ताच्या आत्ता निघ. दहा शब्दसुद्धा लागले नसते. पण ते बोलायचं तर का म्हणून तिने विचारलं असतं, आणि मग पट्टीपासून सगळंच सांगावं लागलं असतं. बापाने बायकोच्या श्वासापेक्षा भिंत मोठी मानली, हे लेकीच्या तोंडावर सांगायला छाती लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मास्तरांनी मूठ झाकलेलीच ठेवली. वाटलं, उद्या सांगू, ही जरा सावरू दे. मुलगी म्हणाली, "बाबा, आज किती स्वच्छ दिसतंय," आणि त्यांनी मान हलवली.

उद्याचा परवा झाला. रविवारी काकूंना खरंच ताप भरला. सोमवारी सकाळी डॉक्टर घरी आले, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, आणि मास्तरांना पुढच्या खोलीत घेऊन गेले.

"हॉस्पिटलमध्ये नेलं तर त्यांना आणखी नळ्या लावतील, एवढंच होईल. त्यांनीच मला मागे सांगितलंय, तसं करू नका म्हणून. मुलीला बोलावून घ्या."

"तिला यायला दोन दिवस लागतात."

 डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

तेव्हा अकरा वाजले होते. अकरापासून चारपर्यंत मास्तर फोन मांडीवर घेऊन कॉटशेजारच्या स्टुलावर बसून होते. मुलीला ड्यूटीवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, असं ते स्वतःला सांगत होते. लॅबचा नंबर त्यांच्याकडे होता. तो त्यांनी दोनदा काढला आणि दोनदा पुसला. शेजारच्या वहिनी येऊन काकूंचं तोंड ओल्या फडक्याने पुसून गेल्या. मशीन चालू होतं, नळी नाकात होती. काकू उशांना टेकून अर्धवट बसलेल्या, डोळे उघडे, पण त्या कशाकडे बघताहेत ते कळत नव्हतं. मास्तरांनी हाक मारली की बोटं किंचित हलायची. नंतर तीही हलेनाशी झाली. छाती मात्र वरखाली होत होती, फार बारीक, जवळ जाऊन बघितलं तर दिसेल इतकीच.

चारला फोन वाजला. मास्तरांनी तो नेहमीच्या जागी, काकूंच्या समोर, औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आई," मुलगी म्हणाली. मग थोडं थांबून, "आई, ऐकू येतंय का?"

खोलीत मशीनची घरघर तेवढी होती.

"बाबा, आहात का तिकडे? चित्र अडकलंय. आई हलतच नाहीये. मी ठेवून परत लावते."

"नको, ठेवू नकोस," मास्तर म्हणाले.

"अहो पण अडकलंय ना. पुन्हा ती डबी बंद पडली असेल. जरा काढून लावून बघा."

मास्तर उठले. स्टुलाला त्यांचा पाय लागला, ते मागे सरकलं. ते काकूंच्या शेजारी कॉटवर जाऊन बसले, म्हणजे फोनमध्ये आता दोघंही दिसत होते. एक हलणारा माणूस, एक न हलणारी बाई. पलीकडे मुलीने ते बघितलं. तिच्या तोंडावरचा वैताग गेला, आणि त्याच्या जागी काय यावं ते तिच्या तोंडाला अजून ठरवता येत नव्हतं.

"डबी काढली मी," मास्तर म्हणाले. "आता वायर आहे. लाइन चांगली आहे. चित्र अडकलेलं नाही बाळा, आई अशीच आहे."

मुलगी हलली नाही. बोललीही नाही. मास्तरांनी क्षणभर आशेने वर चौकटीकडे, त्या पट्टीकडे बघितलं, की एखादा खिळा सुटला असेल, केबल निसटली असेल, पलीकडे पोचलंच नसेल. मग फोनमधून तिचा श्वास ऐकू यायला लागला. तिला सगळं ऐकू गेलं होतं.